लांबच्या विमानप्रवासात चेहरा कोरडा पडू नये म्हणून: मुंबईकरांसाठी घरापासून परतीपर्यंत

मुंबईत राहणाऱ्याला कोरड्या त्वचेची सवय नसते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर, एरवीही समुद्र हाकेच्या अंतरावर. इथल्या तक्रारी वेगळ्या: नाकावर तेल येतं, चेहरा चिकट होतो, मानेवर घामोळं उठतं. क्रीम लावणं ही नागपूर-नाशिकच्या थंडीतली गरज, आपल्याला कशाला, असं म्हणणारं माणूस घरोघरी सापडेल. मग हेच माणूस मध्यरात्रीनंतर सहारहून लांबच्या विमानात बसतं आणि उतरताना गाल ताणलेले, नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे, ओठ उललेले.

विमानाच्या केबिनमधली आर्द्रता साधारण 10 ते 20 टक्के असते. लांबच्या प्रवासात ती कधी त्याच्याही खाली जाते. एसी ऑफिसात बसणाऱ्यांना वाटतं, आम्हाला काय नवीन! पण घरचा किंवा ऑफिसचा एसी खोलीतल्या दमट हवेतलं थोडं पाणी काढून घेतो. फोर्टात चालताना डोक्यावर ठिबकतं ते तेच पाणी. तरी खोलीत बरंच उरतं. विमानाचं तसं नाही. 35,000 फुटांवर बाहेरची हवा उणे 50 अंशांच्या आसपास असते आणि एवढ्या थंड हवेत बाष्प जवळजवळ राहतच नाही. तीच हवा आत घेऊन, दाब आणि तापमान माणसाला सोसेल असं करून केबिनमध्ये सोडतात. आत जो काही ओलावा असतो तो मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि अंगातून आलेला. म्हणून माणसं दाटीनं बसतात त्या इकॉनॉमीपेक्षा ऐसपैस बिझनेस क्लासची हवा जास्त कोरडी असते. महागडं तिकीट काढणाऱ्यांनी पुढचं जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

आधी तत्त्व, मग डब्या

त्वचेच्या आतल्या थरांत पाणी भरपूर असतं. ते सतत थोडं थोडं वर येऊन हवेत उडतं. हवा दमट असेल तर सावकाश, कोरडी असेल तर झपाट्यानं. सर्वांत वरचा पातळ थर वाळला की तो ताठरतो, त्याला बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरांतून आणखी पाणी जातं. डोळ्यांभोवतीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, आणि ओठांवर तर तेल आणि घाम सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. त्यामुळे पहिला मार या दोन जागी बसतो.

यावर उपाय महाराष्ट्रातल्या गावागावांच्या भिंतींवर लिहून ठेवलेला आहे: पाणी अडवा, पाणी जिरवा. जिरवण्याचं काम ग्लिसरीन, हायलुरोनिक आम्ल, युरिया करतात. ते पाणी धरून ठेवतात. अडवण्याचं काम पेट्रोलियम जेली, लॅनोलिन, डायमेथिकोन, मेण असलेली जाड मलमं करतात. मधल्या भेगा बुजवायला सेरामाइड आणि स्क्वालेन असतात. चांगल्या क्रीममध्ये ते आधीच घातलेले असतात. बहुतेक लोक चुकतात ते इथे: विमानात ते फक्त जिरवत बसतात. गुलाबपाण्याचा फवारा मारला, वाटलं बरं, दहा मिनिटांत चेहरा पुन्हा ताणला. नुसतं ग्लिसरीन किंवा नुसतं हायलुरोनिक सीरम लावून वर काहीच न लावणं तर त्याहून वाईट. हवेत ओढून घ्यायला पाणीच नसल्यामुळे ते द्रव्य खालच्या थरातलं पाणी वर खेचतं आणि तेही उडून जातं. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: विमानात बांध महत्त्वाचा.

निघण्याच्या आठवडाभर आधी

परदेशी जायचं म्हटलं की आदल्या दिवशी पार्लर हे आपल्याकडे ठरलेलं. फेशियल, ब्लीच, अपरलिप, सगळं एका बैठकीत. नेमकं हेच करू नका. ब्लीच आणि वॅक्सिंगने वरचा थर सोलवटतो, थ्रेडिंगनंतर त्या जागी बारीक ओरखडे राहतात, आणि अशा त्वचेवर दहा तास कोरडी हवा म्हणजे जळजळ ठरलेली. पार्लरचं काम किमान तीन-चार दिवस आधी उरकून घ्या.

तेवढेच दिवस आधी स्क्रब, मुलतानी माती, डाळीचं पीठ आणि लिंबू, चेहऱ्याचं साल काढणारी आम्लं आणि रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांवरच्या क्रीममध्ये असतं ते) बंद ठेवा. मुलतानी मातीचा गुणच तेल शोषण्याचा. तेलकट चेहऱ्याला मुंबईच्या मे महिन्यात ती ठीक, प्रवासाआधी नाही. मुरुमांसाठी डॉक्टरांनी मलम किंवा आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या आपल्या मनाने थांबवू नका. प्रवासाची तारीख डॉक्टरांना सांगा, काय करायचं ते तेच ठरवतील.

नवं क्रीम घेणार असाल तर याच आठवड्यात घ्या आणि कानाखाली, जबड्याच्या कडेला रोज थोडं लावून बघा. खाज, लाली, पुरळ काही नाही, तर ते चालेल. विमानतळावरच्या चकाकत्या दुकानातून घेतलेलं क्रीम थेट विमानात चेहऱ्याला फासणं हा जुगार आहे, आणि तिथे डॉक्टरही हाताशी नसतो.

पिशवीत काय, किती

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात द्रवपदार्थाची प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंतची लागते, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसायला हव्यात. यात दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे मोजतात ते बाटलीवर छापलेलं माप. 200 मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी चमचाभर क्रीम उरलं असलं तरी ती जाते कचऱ्यात. दुसरं, क्रीम, जेल, पेट्रोलियम जेली, आणि हो, आईने ओठांना लावायला दिलेली साजूक तुपाची डबीसुद्धा द्रवातच धरली जाते. देशांतर्गत उड्डाणांत नियम इतके काटेकोर नसतात, पण तपासणी करणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाचा शब्द शेवटचा. वाद घालण्यापेक्षा छोटी डबी बरी.

मी सुचवेन ती पिशवी अगदी छोटी आहे:

- ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं, बिनवासाचं, जाडसर मॉइश्चरायझर, 50 मिलीच्या ट्यूबमध्ये
- पेट्रोलियम जेलीची सर्वांत लहान डबी
- बिनवासाचा लिपबाम (जेली असेल तर तोही नको)
- डोळ्यांसाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि नाकासाठी सलाइनचे थेंब
- दिवसाचं उड्डाण आणि खिडकीची सीट असेल तर सनस्क्रीन

एवढं औषधांच्या कोणत्याही दुकानात मिळतं. सीरम, टोनर, शीट मास्क, डोळ्यांखालचं वेगळं क्रीम यांची रांग लावायची गरज नाही. ट्यूब घ्या, उघड्या तोंडाची मोठी डबी नको, कारण विमानात हात किती स्वच्छ राहतील ते आपल्याला माहीतच आहे. बिनवासाचं का? एक तर सुगंधी द्रव्यं कोरड्या त्वचेला झोंबतात, आणि दुसरं, शेजारच्या प्रवाशाला तुमचा मोगरा दहा तास सोसावा लागतो.

घरगुती वस्तूंबद्दल थोडं. तूप ओठांवर खरंच चालतं, ते पाणी अडवतं. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण चेहऱ्यावर मुरुम येत असतील तर टाळा. त्याने रंध्रं बुजतात. दुधाची साय घरी रात्री लावणाऱ्यांनी घरीच लावावी. काही तासांनी तिचा वास येतो. कोरफडीचा जेल थंडावा देतो, मात्र तो जिरवणाऱ्यांतला. वर क्रीम लावलं नाही तर चेहरा आणखी ताणतो.

घरून निघताना: मुंबईची खास अडचण

इंग्रजी मासिकांत लिहिलेलं असतं की घरूनच चेहऱ्यावर जाड थर लावून निघा. थंड देशांत ते ठीक असेल. इथे रात्री नऊला डोंबिवलीहून किंवा वसईहून टॅक्सीत बसायचं, वाटेत तास-दीड तास ट्रॅफिक, खाली उतरून बॅगा ओढायच्या. चेहऱ्यावर पेट्रोलियम जेली असेल तर तिच्यावर घाम, धूळ आणि धूर यांचं पुटच चढतं. म्हणून काम दोन टप्प्यांत करा: घरी जिरवा, विमानतळावर अडवा.

घरी कोमट पाण्याने आंघोळ करा. कडकडीत पाणी नको, त्याने त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन जातं. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, साधारण 9 ते 10 असतो, त्वचेचा 5 च्या आसपास. तेव्हा चेहऱ्याला साबण न लावता फेस कमी येणारा सौम्य फेसवॉश वापरा. टॉवेलने घासू नका, टिपा. आणि चेहरा पूर्ण वाळायच्या आत, दोन-तीन मिनिटांतच, मॉइश्चरायझर लावा. ओलसर त्वचेवर लावलेलं क्रीम तिथलं पाणी धरून ठेवतं; वाळल्यावर लावलं तर धरायला काही उरत नाही. प्रमाण? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओळ काढली की अर्धा ग्रॅम क्रीम येतं. चेहरा आणि मान मिळून अशी अडीच पेरं लागतात. बहुतेक लोक वाटाण्याएवढं घेतात आणि मग क्रीमला नावं ठेवतात. मान आणि कानामागचा भाग विसरू नका.

मेकअपबद्दल माझं मत कठोर आहे. रात्रीच्या लांबच्या प्रवासात फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट नको. मॅट फाउंडेशन आणि पावडर दोन्ही तेल शोषून घेण्यासाठीच बनवलेली असतात, आणि विमानात तेच तेल तुमचं संरक्षण आहे. काजळ हवंच असेल तर लावा. उतरल्यावर कुणी घ्यायला येणार असेल तर शेवटच्या तासात दहा मिनिटं पुरतात.

पुरुषांनी दाढी आदल्या संध्याकाळी करावी, निघताना घाईघाईत नाही. वस्तराही वरचा थर खरवडतो. त्यावर स्पिरिटचा आफ्टरशेव्ह चोळून विमानात बसलेल्या माणसाचा चेहरा सकाळी बघण्यासारखा असतो. एरवी पुरुषांनाही हेच सगळं लागू. वेगळं ‘मेन्स’ क्रीम घ्यायचं कारण नाही.

तपासणीनंतर, विमानात चढण्याआधी

सुरक्षा तपासणी उरकली की टर्मिनलमधल्या प्रसाधनगृहात जा. हात साबणाने धुवा. चेहऱ्यावर घाम-धूळ असेल तर साध्या पाण्याने हलकेच धुऊन टिपा, आणि ओलसर असतानाच क्रीमचा दुसरा पातळ हात द्या. पाच मिनिटांनी पेट्रोलियम जेली: तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन बोटांमध्ये गरम करा आणि गालांच्या उंचवट्यावर, नाकपुड्यांच्या कडेला, डोळ्यांखालच्या हाडावर आणि ओठांवर थापटून लावा. चेहरा तेलानं चमकायला लागला तर जास्त झाली, टिश्यूने टिपा. शुद्ध केलेली पेट्रोलियम जेली मुरुम आणते हा समज तितकासा खरा नाही, पण तेलकट त्वचेला ती नकोशी वाटते हे मात्र खरं. अशांनी डायमेथिकोन असलेलं जेल-क्रीम सगळीकडे आणि जेली फक्त ओठ-नाकपुड्यांवर एवढंच करावं.

दिवसाचं उड्डाण असेल तर जेलीच्या जागी निदान एसपीएफ 30 चं, उन्हातले यूव्हीए-यूव्हीबी हे दोन्ही अतिनील किरण अडवणारं सनस्क्रीन. विमानाच्या खिडक्या यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवतात. यूव्हीए किती अडतं ते खिडकीच्या साहित्यावर अवलंबून. खिडकीची झडप खाली ओढणं हा यापेक्षा स्वस्त उपाय.

सीटवर बसल्यावर

सर्वप्रथम डोक्यावरची हवेची नळी. ती बंद करू नका, ताजी फिरती हवा चांगलीच. फक्त झोत चेहऱ्यावर न येता गुडघ्यांसमोरून खाली जाईल असा वळवा.

मास्क लावा. जंतूंसाठी तर आहेच, पण इथे त्याचा दुसरा उपयोग: श्वासातली वाफ मास्कच्या आत राहते आणि नाक, ओठ, गालांचा खालचा भाग दमट हवेत राहतो. मला विचाराल तर कुठल्याही महागड्या सीरमपेक्षा रात्री झोपताना लावलेला साधा मास्क जास्त काम करतो.

दर तीन-चार तासांनी, किंवा चेहरा ताणल्यासारखा वाटायला लागला की, क्रीमचा हलका हात. आधी हात धुवा. सॅनिटायझर वापरलं असेल तर तो पूर्ण सुकू द्या, नाहीतर ते स्पिरिट थेट गालावर जातं. फवारा मारायची हौस असेल तर मारा, पण अर्ध्या मिनिटात त्यावर क्रीम लागलं पाहिजे. शीट मास्कचंही तसंच: वीस मिनिटांत काढून वर क्रीम. चेहऱ्यावर वाळू दिला तर तो त्वचेतलंच पाणी ओढतो. शिवाय अंधारात उठणाऱ्या शेजाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो तो वेगळाच.

विमानाच्या प्रसाधनगृहातला हातांचा साबण चेहऱ्याला लावू नका. गरम टॉवेल दिला तर हात आणि मान पुसा. चेहऱ्यावर घासून तुम्ही मघाशी घातलेला बांध फोडता. सुगंधी ओल्या वाइप्सचंही तेच.

पाण्याबद्दल जरा खरं सांगायला हवं. लिटरभर पाणी प्यायलं म्हणून गाल ओलसर होत नाहीत. पोटातलं पाणी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरापर्यंत तसं पोचत नाही. तरी पाणी प्या, कारण घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं, थकवा येतो. तास-दीड तासाला थोडं थोडं पुरे. चहा-कॉफीच्या एक-दोन कपांनी काही बिघडत नाही. दारू मात्र लघवी वाढवते, चेहरा लाल करते आणि झोप उथळ करते; फुकट मिळते म्हणून घेऊ नये. खारट चिवडा-चकली बेतानेच, नाहीतर सकाळी डोळ्यांखाली सूज.

ओठ चाटू नका. थुंकी उडताना ओठांतलं पाणी सोबत नेते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं त्या नाजूक त्वचेला चावतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर चष्म्यावर या. नाक कोरडं पडून रक्ताचा ठिपका दिसला तर सलाइनचे थेंब घाला. झोपण्याआधी नाकात तिळाचं किंवा इतर पातळ तेल सोडणं विमानात टाळा. बसल्या बसल्या झोपेत ते श्वासावाटे फुप्फुसात उतरू शकतं.

आई-बाबा आणि लहानगे

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आई-बाबा हे सहारवरचं रोजचं दृश्य. न्यूयॉर्कचं सलग उड्डाण 15-16 तासांचं. साठीनंतर त्वचेचं तेल मुळातच कमी झालेलं असतं, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर कोरडेपणा लवकर जाणवतो. त्यांना पाच डब्या देऊ नका, त्या पिशवीतून बाहेरच येत नाहीत. एकच ट्यूब द्या, तोंडाला आणि हातांना तीच, आणि जेवणानंतर एकदा व झोपण्याआधी एकदा असं सांगा. आईने टिकली प्रवासात काढून ठेवलेली बरी. टिकलीच्या डिंकाची काहींना ॲलर्जी असते, आणि कोरड्या कपाळावर ती पटकन उफाळते.

बाळाच्या गालांना साधं बिनवासाचं बेबी क्रीम किंवा पेट्रोलियम जेली, प्रत्येक दुधानंतर ओठाभोवतीची लाळ टिपून. लाळ सुकून राहिली की तिथेच लाल चट्टे येतात. ज्या मुलाला एक्झिमा (इसब) आहे त्याचं नेहमीचं मलम हातातल्या सामानात हवंच, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

विमान निवडता येत असेल तर बोइंग 787 किंवा एअरबस ए350 बघा. त्यांचा सांगाडा बराचसा कार्बन तंतूंच्या मिश्रणाचा असल्यामुळे गंजण्याची भीती कमी, म्हणून आत थोडी जास्त आर्द्रता ठेवता येते. फरक आहे, पण त्यासाठी दहा हजार रुपये जास्त मोजू नका.

दिल्ली, नागपूर, गोव्याला जाणाऱ्यांनी हा सगळा खटाटोप करू नये. दीड-दोन तासांना घरून लावलेलं क्रीम आणि खिशातला लिपबाम पुष्कळ.

उतरल्यावर

पोचल्या पोचल्या पहिली इच्छा होते ती कडक पाण्याखाली अर्धा तास उभं राहायची. दहा मिनिटांत, कोमट पाण्यात आटपा. चेहरा सौम्य फेसवॉशने एकदाच धुवा आणि ओलसर असतानाच क्रीम. सोलवटलेल्या जागी पापुद्रे ओढू नका, स्क्रब नको. जाड थर लावून रात्रभर सोडा. रेटिनॉल आणि आम्लं चेहरा पूर्वीसारखा मऊ होईपर्यंत बंदच. हिवाळ्यात लंडन-टोरोंटोकडे गेला असाल तर तिथल्या घरांतल्या हीटरने हवा कोरडीच असते, म्हणजे विमानातला क्रम तसाच पुढे चालू ठेवायचा. चिरांतून रक्त किंवा पाणी येत असेल, डोळ्यांभोवती सूज असेल किंवा आठवड्याभरात फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडचं मलम मागून लावू नका.

आणि परतताना उलटं. विमानात सगळं तसंच, पण मुंबई यायला अर्धा तास उरला की टिश्यूने जेली टिपून घ्या. बाहेर पडल्यावर जी दमट हवा अंगावर येते तिच्यात तो जाड थर ठेवलात तर दोन दिवसांत कपाळावर बारीक पुळ्या येतात. घरी आल्यावर चेहरा धुऊन पातळ जेलवर या, आणि जाड ट्यूबचं झाकण घट्ट लावून पासपोर्टच्या खणात ठेवा.